गाडी घाटात तापते, पाणी कमी होतं: रेडिएटर गेलाय हे कसं ओळखायचं?

प्रश्न थोडक्यात असा: २०१३ची पेट्रोल हॅचबॅक, लाखाच्या आसपास किलोमीटर झालेली, नंतर बाहेरून सीएनजी किट बसवलेलं. पुण्यात रोजच्या वापरात काही त्रास नाही. पण चार माणसं आणि सामान घेऊन, एसी लावून खंबाटकी चढायला लागलं की काटा वर सरकतो. दोन-तीन आठवड्यांनी बाटलीत पाणी घालावं लागतं, गाडीखाली मात्र कधी ओल दिसत नाही. एक मेकॅनिक म्हणतो रेडिएटर बदला, दुसरा म्हणतो नुसती टोपी बदला. कोणाचं ऐकायचं?

एवढ्यावरून दोघांपैकी कोणालाच चूक ठरवता येणार नाही. पण तुमच्या तक्रारी दोन आहेत आणि दोघांनी त्या एकात गुंडाळलेल्या दिसतात. पाणी कमी होणं ही एक, चढावर तापणं ही दुसरी. रेडिएटर, म्हणजे इंजिनातलं गरम पाणी थंड करणारी समोरची जाळी, खराब होतो तो दोन प्रकारे: गळतो किंवा तुंबतो. गळणारा रेडिएटर पाणी पुरेसं असेपर्यंत गाडी छान थंड ठेवतो. तुंबलेला एक थेंबही सांडत नाही आणि तरी घाटात दगा देतो. तुमच्याकडे दोन्ही असू शकतं, किंवा एकच. किंवा रेडिएटर ठणठणीत असून दोष पलीकडे कुठेतरी असेल. म्हणून आधी पाणी कुठे जातंय ते शोधा, मग उष्णता का निघत नाही ते.

गाडी कधी तापते हे तुम्ही नीट सांगितलंत, त्यानं निम्मं काम झालं. सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये तापते आणि मोकळ्या रस्त्यावर वेग धरला की काटा खाली येतो, अशी तक्रार असती तर मी रेडिएटरकडे बघितलंही नसतं, आधी पंखा बघितला असता. चालत्या गाडीला समोरून वारा मिळतो, उभ्या गाडीला फक्त पंख्याचा आधार. तुमचं उलटं आहे. शहरात ठीक आणि चढावर, ओझ्याखाली तापते. इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेतला साधारण एक तृतीयांश भाग कूलंटमधून, म्हणजे इंजिन थंड ठेवायला त्यात फिरणाऱ्या पाणी-रसायनाच्या मिश्रणातून, बाहेर काढावा लागतो. सपाटीवर इंधनच कमी जळतं, तेव्हा निम्मा तुंबलेला रेडिएटरही वेळ निभावून नेतो. घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर इंजिन जोर करतं, वेग कमी म्हणून वारा कमी, आणि एसीचा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) रेडिएटरच्या पुढे बसून आधीच तापलेली हवा मागे ढकलत असतो. जाळीची खरी ताकद तिथेच कळते. पुण्याहून साताऱ्याला जाताना जुन्या रस्त्यानं घाट चढावाच लागतो, जुना बोगदा परतीच्या वाटेला आहे. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी खंबाटकीत बोनेट उघडून उभ्या राहिलेल्या गाड्यांची रांग दिसते, ती बहुतेक याच कारणाची. त्यात मध्येच वाहतूक अडली की पंख्याचीही परीक्षा होते.

काट्याविषयी एक सांगून ठेवतो. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दामच सुस्त ठेवलेला असतो. साधारण ८० अंशांपासून १००च्या पुढेपर्यंत तो मधोमध बसून राहतो, म्हणजे मालक उगाच घाबरत नाही. तो मधली जागा सोडून वर सरकला याचा अर्थ गाडी केव्हाची तापलेली आहे. आणि आता तर अनेक लहान गाड्यांत काटाच नसतो, थंड असताना निळा आणि तापल्यावर लाल, असा एकच दिवा. अशा गाडीच्या मालकाला आणि तुम्हालाही मी स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावायचं ओबीडीचं (गाडीच्या संगणकातली माहिती दाखवणारं) छोटं ब्लूटूथ यंत्र घ्यायला सांगेन. मोबाइलवर कूलंटचं खरं तापमान दिसतं. ८५ ते १०० च्या दरम्यान आकडा खालीवर होत राहणं निरोगी आहे. पंखा लागतो, आकडा उतरतो, पुन्हा चढतो. चढावर आकडा १०५ ओलांडून तसाच वर जात राहिला आणि गाडी हळू केली तरी उतरेना, तर गडबड आहे. आणखी एक फसवी गोष्ट: पाणी इतकं कमी झालं की सेन्सर कोरडा पडला, तर काटा वर जायच्याऐवजी खाली येतो. तापलेल्या गाडीचा काटा अचानक खाली आला तर हायसं वाटून घेऊ नका, गाडी बाजूला घ्या.

आता पाणी. सकाळी, रात्रभर गाडी उभी असताना, इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरची टोपी उघडून आत बघा. बाटलीतली पातळी बघून समाधान मानू नका. ही चूक इतके जण करतात की बाटली काठोकाठ भरलेली आणि रेडिएटरमध्ये चार बोटं पाणी कमी, अशा गाड्या सतत येतात. टोपीत दोन झडपा असतात. गरम झालं की दाबानं मोठी झडप उघडून जादा पाणी बाटलीत जातं. थंड झालं की छोटी झडप उघडून तेच पाणी परत ओढलं जातं. छोटी झडप चिकटली किंवा बाटलीच्या नळीला चीर गेली, तर पाणी जातं पण परत येत नाही. मालक बाटली बघतो आणि निर्धास्त राहतो. सकाळी थंड इंजिनाचा वरचा जाड पाइप दोन्ही बाजूंनी चिमटल्यासारखा चपटा दिसला तर ती झडप गेली असं बेलाशक समजा. (काही गाड्यांत रेडिएटरला टोपी नसतेच, बाटलीच दाबाखाली असते. तिथे बाटलीची टोपी हीच खरी टोपी, आणि पातळी बाटलीतच बघायची.)

दुसऱ्या मेकॅनिकचं टोपीचं म्हणणं यासाठीच उडवून लावू नका. टोपीवर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो, काहींवर किलोपास्कलमध्ये ८८ किंवा १०८. तेवढा दाब ती धरून ठेवते. निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी हे मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंशांना उकळतं, १.१च्या दाबाखाली सव्वाशेच्या पुढे. टोपीचं रबर कडक झालं की हा सगळा फायदा गेला. आता महाबळेश्वरचा विचार करा, उंची साडेतेराशे मीटरच्या आसपास. तिथे उघड्या भांड्यातलं साधं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. टोपी निकामी आणि आत नळाचं पाणी, अशी गाडी पसरणीचा घाट चढून वर पोहोचते तेव्हा पंखा लागायच्या आधीच आतलं पाणी उकळायला लागू शकतं. त्यात रेडिएटरचा काहीएक दोष नसतो. टोपी काहीशे रुपयांची वस्तू आहे. संशय असेल तर तपासत बसू नका, त्याच आकड्याची, चांगल्या कंपनीची नवी लावा. जास्त आकड्याची लावली तर बरं, असा एक समज आहे. तो सोडा, जुन्या रेडिएटरचा प्लास्टिकचा टँक फुटायला तेवढं पुरेसं होतं.

टोपी बदलूनही पातळी उतरत राहिली तर गळती शोधायची. गाडीखाली ओल नाही म्हणजे गळती नाही असं होत नाही. बारीक गळती गरम जाळीवरच वाळून जाते आणि मागे डाग ठेवते: हिरवा, गुलाबी किंवा निळा, कूलंटच्या रंगाप्रमाणे, नुसतं पाणी असेल तर पांढरट क्षाराचा किंवा गंजकट. मोबाइलचा टॉर्च घ्या आणि हे डाग शोधा. सध्याच्या रेडिएटरची जाळी ॲल्युमिनियमची आणि दोन टोकांचे टँक प्लास्टिकचे असतात. मध्ये रबराचं पॅकिंग ठेवून ॲल्युमिनियमच्या दात्यांनी ते घट्ट दाबलेले असतात. दहा-बारा वर्षांच्या गाडीत सर्वात आधी सुटतो तो हाच सांधा. त्यानंतर नंबर लागतो पाइप जिथे बसतो त्या प्लास्टिकच्या नळीचा. तिथे केसाएवढी चीर जाते आणि ती फक्त दाब आल्यावर उघडते. गाडी गरम असताना बोनेट उघडलं आणि गोडसर वास आला, पण काही दिसलं नाही, तर गळती अशाच ठिकाणी असते. प्लास्टिकचा टँक मूळचा काळा, तो तपकिरी, खडूसारखा फिका झाला असेल तर त्याचे दिवस भरत आले आहेत. नख लावून दाबून बघायचा मोह आवरा, मोडतो.

एसीचं पाणी आणि कूलंट यांत गल्लत होते, तेही सांगतो. गाडीखाली डाव्या बाजूला, डॅशबोर्डच्या रेषेत पडणारं स्वच्छ, बिनवासाचं पाणी एसीचं, ते पडायलाच हवं. कूलंट बोटाला बुळबुळीत लागतं. आतल्या पायदाणावर, चटईखाली ओल आणि काचेवर आतून तेलकट धुकं धरत असेल तर हीटरची छोटी जाळी फुटली आहे. तिचा समोरच्या रेडिएटरशी संबंध नाही.

तुमच्या गाडीत मी सर्वात आधी सीएनजीचा रिड्युसर बघेन. सिलिंडरमधला दाब उतरवताना वायू गार पडतो, रिड्युसर गोठू नये म्हणून त्यातून इंजिनाचं गरम पाणी फिरवतात. बाहेरून किट बसवताना हीटरचे पाइप कापून, टी जोडून ही व्यवस्था करतात. म्हणजे कंपनीनं दिलेल्या जोडांखेरीज आणखी अर्धा डझनभर जोड आणि क्लिपा, त्याही बऱ्याचदा हलक्या प्रतीच्या. गळती इंजिनावर टपकते, वाळते, जमिनीवर काही येत नाही. तुमचं वर्णन याला तंतोतंत जुळतं. रिड्युसरच्या अंगावर थंडीत दव किंवा बर्फासारखा पांढरा थर दिसत असेल, किंवा सकाळी सीएनजीवर गाडी धक्के मारत असेल, तर त्याला गरम पाणी पुरेसं मिळत नाही, पातळी उतरलेली आहे. कित्येकांना पाणी कमी झाल्याची पहिली बातमी रिड्युसरच देतो, काटा खूप नंतर.

डोळ्यांना काहीच सापडलं नाही तर प्रेशर टेस्ट. टोपीच्या जागी हातपंप बसतो, त्यानं टोपीवरच्या आकड्याएवढा दाब भरायचा आणि दहा मिनिटं घड्याळ बघायचं. दाब स्थिर राहिला तर बाहेर गळती नाही. उतरला तर बहुतेक वेळा कुठेतरी थेंब दिसतो, रेडिएटरवर, वॉटर पंपाखालच्या छोट्या भोकातून, पाइपाच्या टोकाशी. रेडिएटर बदला म्हणणाऱ्याला एवढंच विचारा, प्रेशर टेस्ट केली का? केली नसेल तर ‘बदला’ हा अंदाज आहे, आणि अंदाजाचे पैसे तुमच्या खिशातून जाणार आहेत.

दाब उतरतोय पण बाहेर कुठेच थेंब नाही, ही वाईट बातमी. पाणी इंजिनात जातंय. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांमधलं पॅकिंग, गेलं. सकाळी थंड गाडी सुरू करताना टोपी आधी उघडून ठेवा आणि आत बघा. सुरुवातीला एखाद-दुसरा बुडबुडा येईल, ते चालतं. बुडबुडे सतत येत राहिले, इंजिन रेझ केल्यावर वाढले, किंवा सुरू केल्यानंतर दोन मिनिटांत, पाणी कोमट व्हायच्याही आधी वरचा पाइप दगडासारखा टणक झाला, तर सिलिंडरचा दाब पाण्यात येतोय. अशा गाडीला नवा रेडिएटर घातला तरी आठवड्यात पुन्हा तीच रड. इंजिन ऑइलच्या झाकणाखाली कॉफीवरच्या फेसासारखा मळ दिसला की लोक घाबरून हेड उतरवायला सांगतात. जरा थांबा. पावसाळ्यात फक्त दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत दमटपणानं झाकणाखाली असा थोडा मळ येतो. डिपस्टिकवरही ऑइल दुधाळ दिसलं तर मात्र शंका नको, आणि गाडी चालवूही नका.

गळतीचं झालं. आता तुंबणं, कारण तुमचा घाटातला त्रास मला त्याच वळणाचा वाटतो.

जाळी दोन बाजूंनी तुंबते, आतून आणि बाहेरून, आणि कुठून तुंबली हे दोन पाइपांवरून कळतं. गाडी चांगली गरम झाल्यावर, थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी गरम झाल्यावरच ते रेडिएटरकडे सोडणारी झडप, उघडल्यावर (तो ८२ ते ८८ अंशांना उघडायला लागतो) वरच्या आणि खालच्या पाइपाचं तापमान मोजा. निरोगी रेडिएटरमध्ये खालचा पाइप वरच्यापेक्षा पाच ते पंधरा अंशांनी थंड असतो. आतून तुंबलेल्या रेडिएटरमध्ये पाणी फार कमी वाहतं. जे वाहतं ते सावकाश जातं म्हणून खूप थंड होतं, त्यामुळे वरचा पाइप कढत आणि खालचा जेमतेम कोमट. बाहेरून तुंबला असेल तर पाणी भरभर फिरतं पण उष्णता सुटत नाही, मग दोन्ही पाइप जवळजवळ सारखेच कढत. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला तरीही खालचा पाइप थंड राहतो, म्हणून आतून तुंबलाय असा निकाल देण्यापूर्वी थर्मोस्टॅट काढून गरम पाण्याच्या पातेल्यात टाकून बघावा, उघडतो की नाही ते समोरच दिसतं.

तापमान बंदुकीसारख्या इन्फ्रारेड मीटरनं मोजतात. तो चकचकीत ॲल्युमिनियमवर धरला तर आकडा खोटा येतो, बराच कमी दाखवतो. पाइपाच्या काळ्या रबरावर धरा. जाळी तपासायची असेल तर तिच्यावर काळ्या चिकटपट्टीचे तुकडे ठिकठिकाणी लावून त्यावर धरा. पाणी शिरतं त्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तापमान सावकाश उतरत गेलं पाहिजे. मध्येच एखादा पट्टा एकदम गार लागला तर त्या नळ्या बंद आहेत. हे करताना हात पंख्यापासून लांब ठेवा. काही गाड्यांत चावी बंद केल्यावरही पंखा आपोआप सुरू होतो, आणि त्याला बोटं ओळखता येत नाहीत.

आतून तुंबायचं मोठं कारण पाणी. ‘आपल्याकडे बर्फ कुठे पडतो, कूलंट कशाला’ हे वाक्य मी ड्रायव्हरांकडून, मालकांकडून आणि दोन-चार मेकॅनिककडूनसुद्धा ऐकत आलोय. कूलंटचं न गोठणं आपल्या कामाचं नाही, मान्य. पण त्यातली गंजरोधक रसायनं आणि वाढलेला उत्कलनबिंदू, हे दोन्ही आपल्याला हवेत. दख्खनच्या पठारावरचं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. बाथरूमच्या गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो तोच रेडिएटरच्या नळ्यांत चढतो, आणि त्या नळ्या आतून जेमतेम एक-दोन मिलिमीटर रुंद असतात. शिवाय साध्या पाण्यात इंजिनाचं लोखंड गंजतं, ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि तो गाळही तिथेच येऊन बसतो. टोपी उघडल्यावर आत चहासारखं लालसर पाणी दिसलं, टोपीच्या खालच्या बाजूला चिखलासारखा लेप बसला असला, तर जाळीच्या आत काय असेल याची कल्पना करा. तुम्ही दोन-तीन आठवड्यांनी बाटलीत जे ‘पाणी’ घालता ते नळाचं असेल तर आज थांबवा. डिस्टिल्ड वॉटर किंवा बॅटरीत घालायचं पाणी वापरा, नाहीतर सरळ तयार मिश्रण. कूलंटच्या रंगावर जाऊ नका, प्रत्येक कंपनी आपापला रंग घालते. दोन वेगळ्या जातींची कूलंटं एकत्र आली तर कधीकधी जेलीसारखा गोळा होतो, तोही नळ्यांतच अडकतो.

हळदीचं काय, हे कोणीतरी विचारणारच. रस्त्यात जाळी गळायला लागली की रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकायची, ती भोकात जाऊन बसते आणि गळती थांबते. जुन्या ट्रकवाल्यांची ही युक्ती खरंच चालते, गाव गाठेपर्यंत. पण हळदीला गळकं भोक आणि चांगली नळी यांतला फरक कळत नाही. बाटलीत मिळणाऱ्या लीक थांबवणाऱ्या औषधांचंही बरंचसं तसंच. घातलंच तर लवकरात लवकर सगळं पाणी काढून रेडिएटर धुवा, आणि पुढच्या मेकॅनिकला सांगा की हळद घातली होती. लोक लपवतात, आणि आम्ही तासभर भलतंच शोधत बसतो.

बाहेरून तुंबणं त्यामानानं सोपं. समोरून ग्रिलमधून बघितलं तर एसीचा कंडेन्सर दिसतो, रेडिएटर नाही. खरी घाण त्या दोघांच्या मधल्या फटीत बसते: किडे, धूळ, पाचटाचे तुकडे, विदर्भात कापसाचे तंतू, कोकणात तांबडी माती जी पावसात चिखल होऊन नंतर विटेसारखी वाळते. फटीत टॉर्च मारून बघा. पलीकडून उजेड दिसत नसेल तर वारा कुठून जाणार? धुताना कमी दाबाचं पाणी इंजिनाच्या बाजूनं बाहेरच्या दिशेनं मारायचं. सर्व्हिसिंग सेंटरचा प्रेशर गन समोरून जवळ धरला की पत्र्याच्या पातळ पट्ट्या आडव्या होतात, मग ती जागा कायमची बंद. किनाऱ्याजवळ, रत्नागिरी-मालवण-गोव्याकडच्या गाड्यांत खाऱ्या हवेनं या पट्ट्याच खाल्ल्या जातात. जाळी समोरून जागेवर दिसते, पण बोट लावलं की पांढरी भुकटी होऊन गळते. नळ्या शाबूत, गळती नाही, आणि तरी रेडिएटर संपलेला. त्याला धुऊन काही उपयोग नाही.

उंदरांसाठी ग्रिलमागे बारीक जाळी ठोकलेली असेल तर तीही काढून बघा. दसऱ्याचे झेंडूचे हार दिवाळीपर्यंत ग्रिलवर ठेवणारे लोक आहेत, त्यांनाही हेच सांगणं.

पंखा तुमच्या बाबतीत दुय्यम, पण दोन मिनिटांचं काम आहे. एसी लावला की पंखा लगेच लागला पाहिजे. वहीचा कागद ग्रिलसमोर धरा, तो ओढला जाऊन चिकटला पाहिजे. दूर ढकलला गेला तर कोणीतरी मोटरची जोडणी उलटी केली आहे, अपघाताचं काम झालेल्या गाड्यांत हे सापडतं. पंखा फिरतोय पण मरगळलेला, आणि उभ्या गाडीत एसीही गार करत नाही, तर मोटरचे ब्रश झिजले आहेत.

एक गोष्ट कोणी सुचवली तर ऐकू नका: ‘वॉल्व्ह काढून टाकू, गाडी तापणारच नाही.’ वॉल्व्ह म्हणजे थर्मोस्टॅट. तो काढला की सपाटीवर इंजिन योग्य तापमानाला येतच नाही, पेट्रोल जास्त पितं, इंजिनाची झीज वाढते. आणि कित्येक इंजिनांत हाच थर्मोस्टॅट गरम झाल्यावर बायपासची वाट बंद करतो. तो नसला की निम्मं पाणी रेडिएटरला न जाता आतल्या आत फिरतं आणि घाटात गाडी आधीपेक्षा लवकर तापते.

ऑटोमॅटिक गाडीवाल्यांसाठी थोडं जादा. टॉर्क कन्व्हर्टरच्या बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सचं तेल थंड करणारी नळी रेडिएटरच्या टँकमध्येच असते. ती आतून फुटली की तेल आणि कूलंट एकमेकांत मिसळतात, टोपी उघडल्यावर गुलाबी मिल्कशेकसारखं काहीतरी दिसतं. अशी गाडी वर्कशॉपपर्यंतही चालवत नेऊ नका, टो करा. रेडिएटर काही हजारांत येतो, गिअरबॉक्स येत नाही. एएमटीला, म्हणजे साध्याच गिअरबॉक्सचे गिअर यंत्रानं बदलणाऱ्या गाडीला, ही भीती नाही.

दुरुस्ती की बदली? ॲम्बॅसिडर, पद्मिनी, जुन्या जीपच्या काळात रेडिएटर तांब्या-पितळेचा असायचा. टँक उघडायचा, नळ्यांतून पट्टी मारून गाळ काढायचा, गळक्या जागी डाग (सोल्डर) द्यायचा आणि पुन्हा बंद करायचा. ते काम करणारे कारागीर अजून आहेत आणि तशी गाडी असेल तर त्यांच्याकडेच जा. तुमच्या ॲल्युमिनियम-प्लास्टिकच्या रेडिएटरला तो न्याय लागत नाही. टँक बदलून दाते पुन्हा दाबून देणारे आहेत, एपॉक्सी लावणारे आहेत, पण दहा वर्षांच्या जाळीवर मी ते करत नाही. तीव्र ॲसिडी औषधानं आतून धुणंही जपून. पुष्कळदा क्षारानंच बारीक भोकं बुजवलेली असतात, क्षार गेला की रेडिएटर गाळणी होतो. गाळ थोडा असेल तर सौम्य फ्लश, नळ्यांचे पट्टे गार पडले असतील तर नवा.

तेव्हा तुमच्यासाठी क्रम असा. पहिल्या सकाळी थंड इंजिनाची टोपी उघडून पातळी आणि पाण्याचा रंग बघा, जुळणाऱ्या आकड्याची नवी टोपी लावा, पातळी भरून बाटलीवर मार्करनं रेघ मारा. सीएनजी रिड्युसरचे सगळे जोड टॉर्च घेऊन तपासा. प्रेशर टेस्ट करून घ्या. मग दोन पाइपांची तापमानं. माझा कयास, गळती रिड्युसरच्या जोडाची किंवा टोपीची निघेल, आणि घाटातलं तापणं अर्धवट तुंबलेल्या जाळीचं, कारण इतकी वर्षं वरून पाणी घातलं गेलंय. तसं निघालं तर तुमचे दोन्ही मेकॅनिक अर्धे-अर्धे बरोबर. रेडिएटर बदलायचाच झाला तर त्यासोबत वरचा-खालचा पाइप, क्लिपा आणि थर्मोस्टॅटही बदला, मजुरी तीच लागते. नवा रेडिएटर जुन्याशेजारी उभा करून जाडी जुळते का बघा. बाजारात त्याच मापाचे पण पातळ जाळीचे स्वस्त रेडिएटर मिळतात, ते शहरात चालतात आणि खंबाटकीत पुन्हा तेच दाखवतात.

हे सगळं होईपर्यंत घाटात जावंच लागलं तर एसी बंद, काचा उघड्या, गिअर एक खाली आणि पाय हलका. काटा सरकायला लागला की हीटर गरमवर, पंखा फुल. आत भाजून निघाल, पण ती एक छोटी जाळी इंजिनाची उष्णता बाहेर काढत असते. तरीही चढत राहिला तर गाडी बाजूला घ्या. काटा लाल पट्ट्याच्या खाली असेल, पंखा फिरत असेल आणि वाफ नसेल, तर इंजिन दोन-चार मिनिटं आयडलवर ठेवा, पाणी फिरत राहतं. लाल पट्ट्यात गेला किंवा वाफ आली तर लगेच बंद. टोपीला किमान पाऊण तास हात लावायचा नाही, ओलं फडकं घेऊनसुद्धा नाही. बिसलरीची गार बाटली तापलेल्या इंजिनावर ओतायची नाही, हेडला तडा जातो.

कूलंट बदलल्यावर पहिले दोन-तीन दिवस सकाळी पातळी बघत राहा. अडकलेली हवा हळूहळू निघते आणि पातळी थोडी उतरते, ती गळती नव्हे. डॅशबोर्डमागून खळखळ ऐकू येत असेल आणि हीटर गार हवा देत असेल तर हवा अजून आत आहे, मेकॅनिककडून ती काढून घ्या. आणि जुनं कूलंट अंगणात किंवा गटारात ओतू देऊ नका. ते गोड लागतं, कुत्री-मांजरं चाटतात, आणि त्यातलं इथिलीन ग्लायकॉल थोडंसंही त्यांच्या मूत्रपिंडांना पुरतं. झाकणाच्या डब्यात भरून, लहान मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवून, वर्कशॉपला परत द्या.